कोरडी माती आणि मुरणारें पाणी

झाडाला पाणी घालणें आणि झाडाला पाणी मिळणें या दोन गोष्टी एकच आहेत, असें समजण्याचा प्रघात आहे. घराच्या गच्चीवर, सज्ज्यांत किंवा मागील अंगणांत ज्यांनीं चार कुंड्या ठेविल्या आहेत, ते रोज सकाळीं नेमानें झारी घेऊन निघतात, प्रत्येक कुंडींत पाणी ओततात, तळाच्या भोंकांतून पाणी वाहूं लागलें कीं समाधान पावतात आणि पुढल्या कुंडीकडे वळतात. असें असूनहि उन्हाळा सरतां सरतां एखादी तुळस मान टाकते, एखादा मोगरा पानें गाळतो. घरांतील मंडळी म्हणतात, पाणी कमी पडलेलें नाहीं, तें तर डोळ्यांदेखत तळांतून बाहेर आलें. तेव्हां पाणी अधिकच झालें असावें. मग तें आणखी कमी करण्यांत येतें आणि झाड मरतें. झाड उपटून पाहिलें, तर मुळांभोंवतींचा मातीचा गोळा आंतून राखेसारखा कोरडा निघतो. रोज पाणी घातलेली कुंडी रोज तहानलेलीच राहिलेली असते. हें कसें घडतें आणि तें टाळावें कसें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय शहरांतल्या सज्ज्यांतला खरा. परंतु त्याचें मर्म जाणणारीं माणसें पाहावयाचीं, तर जेथें पाणी मातींत मुरविणें हाच पिढ्यान् पिढ्यांचा उद्योग आहे अशा मुलखांत गेलें पाहिजे. गोंदिया जिल्हा १९९९ सालीं भंडारा जिल्ह्यापासून वेगळा झाला. त्याच्या दक्षिण टोकास अर्जुनी-मोरगांव तालुका आहे, आणि त्या तालुक्यांत, गडचिरोली जिल्ह्याच्या सीमेच्या बाजूस, केशोरी हें गांव आहे. हा सारा मुलूख तलावांचा आणि धानाचा. नवेगांवबांधचा विस्तीर्ण तलाव याच तालुक्यांत आहे. कोहळी समाजाच्या लोकांच्या कौशल्यानें उभे राहिलेले आणि मालगुजारी तलाव या नांवानें ओळखले जाणारे हजारों लहानमोठे तलाव पूर्व विदर्भाच्या या भागांत पसरलेले आहेत. पावसाचें पाणी बांध घालून अडवावें, लहानशा बोडींत सांठवावें, आणि धानाच्या एका बांधींतून दुसऱ्या बांधींत हळूहळू उतरवावें, ही विद्या येथील शेतकऱ्याच्या अंगवळणीं पडलेली आहे.

केशोरीचें नांव पंचक्रोशीबाहेर गेलें आहे तें मिरचीमुळें. मिरचीचें पीक शेतांत दिसूं लागण्यापूर्वीं तें रोपांच्या वाफ्यावर वाढत असतें. गादीवाफा तयार करावयाचा, त्यांत चांगलें कुजलेलें शेणखत मिसळावयाचें, बियाणें अगदीं वरच्यावर पेरून बारीक मातीनें झांकावयाचें, आणि उगवण होईपर्यंत वर तणसाचें पातळ आच्छादन ठेवून झारीनें पाणी द्यावयाचें, ही त्याची सर्वसाधारण रीति. बियाणें बोटाच्या एका पेराहूनहि कमी खोलीवर असतें. म्हणजे त्याचें सारें भवितव्य वरच्या इंचभर मातीच्या ओलाव्यावर अवलंबून. वाफा एके जागीं भिजला आणि हातभर अंतरावर कोरडा राहिला, तर रोपेंहि तशींच तुटक उगवतात. आणि वाफ्यांत जें रोप उगवलेंच नाहीं, त्याची भरपाई पुढें शेतांत कितीहि पाणी दिलें तरी होत नाहीं. घरांतल्या कुंडींत एक तुळस वाळली तर मनाला हुरहूर लागते. वाफ्यांत निम्मीं रोपें आलीं नाहींत तर एका कुटुंबाचा वर्षाचा हिशेब चुकतो. गोष्ट मात्र दोहोंकडे एकच आहे: पाणी पडलें, पण सारखें मुरलें नाहीं.

या भागांतील शेतकरी जमिनीला तिच्या गुणांवरून नांवें देतो. काळी, चिकण, जड ती कन्हार. मिश्र गुणांची ती मोरांड. वाळूमिश्रित ती सिहार. मुरमाड, उंचवट्यावरची ती बरडी. यांतील प्रत्येकीची पाणी पिण्याची तऱ्हा निराळी. कन्हार जमीन उन्हाळ्यांत आकसते आणि तिला भेगा पडतात. मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडला कीं पाणी या भेगांतून सरळ खोल उतरतें. दोन भेगांमधील ढेकूळ वरून ओलें दिसतें, फोडलें तर आंत कोरडें. बरडीवर तोच पाऊस उतारानें वाहून जातो. परंतु पुढें जी मंद, संथ झड दिवसच्या दिवस लागून राहते, ती दोन्ही जमिनींस सारखी भिजविते. कन्हार फुगते, भेगा मिटतात, ढेकळें आंतून विरघळतात. पहिल्या पावसाचें पाणी थोडें होतें असें नव्हे. त्याला मुरावयास अवधि मिळाला नाहीं. कुंडीच्या बाबतींत जें सांगावयाचें तें सारें या एका निरीक्षणांत सांठविलेलें आहे.

कोरड्या मातीला तहान अधिक, म्हणून ती पाणी अधिक वेगानें पिईल, असें सहज वाटतें. अनुभव याच्या उलट येतो. स्वयंपाकघरांतील ओटा पुसावयाचें फडकें उन्हांत वाळून कडक झालें असेल, तर ओट्यावर सांडलेलें पाणी तें प्रथम पुढें ढकलीत नेतें; तेंच फडकें भिजवून पिळून घेतलें कीं पाणी झटकन् टिपतें. कणीक मळतांना एकदम तांब्याभर पाणी ओतलें तर पिठाच्या गुठळ्या होतात, आणि गुठळी फोडली तर आंत कोरडें पीठ निघतें. तेंच पाणी थोडें थोडें घालीत गेलें तर पीठ सारखें भिजतें. गृहिणीला हें शिकवावें लागत नाहीं. मातीचा नियम याहून वेगळा नाहीं.

याचें शास्त्रीय कारण शोधण्यास विसाव्या शतकाच्या आरंभीं सुरुवात झाली. एडगर बकिंगहॅम या पदार्थविज्ञानवेत्त्यानें अमेरिकेच्या शेतकी खात्यांत मातींतील ओलाव्याच्या हालचालीचा अभ्यास केला आणि तो १९०७ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें १९३१ सालीं लोरेंझो रिचर्ड्स यानें त्याला गणिताचें रूप दिलें. त्यांच्या विवेचनाचा सारांश साध्या शब्दांत असा सांगतां येईल. मातीच्या कणांमध्यें बारीक पोकळ्या असतात, आणि दिव्याच्या वातींत तेल चढावें तसें पाणी या पोकळ्यांतून ओढलें जातें. कोरड्या मातीची ही ओढ फार मोठी असते हें खरें. परंतु ओढ असून भागत नाहीं, पाण्याला वाटहि लागते. मातींत पाणी चालतें तें आधींच्या पाण्याचा हात धरून. कणांवर ओलाव्याचा अखंड पापुद्रा असला कीं नवें पाणी त्यावरून सहज सरकतें. माती वाळली कीं हा पापुद्रा तुटतो, वाटा खंडित होतात, आणि पाण्याची चाल इतकी मंदावते कीं ओल्या मातीच्या मानानें ती हजारों पटींनीं कमी होऊं शकते. म्हणून पाणी ओल्या भागाकडेच धांवतें आणि कोरडा भाग कोरडाच राहतो.

याला दुसरें एक कारण येऊन मिळतें. कुंडींत नुसती माती नसते. पालापाचोळ्याचें खत, शेणखत, नारळाच्या काथ्याचा भुसा असे वनस्पतिजन्य पदार्थ त्यांत पुष्कळ असतात. ओले असतांना हे पदार्थ पाण्याचे उत्तम धारक. परंतु ते पूर्ण वाळले कीं त्यांतील मेणासारखीं व तेलकट द्रव्यें कणांच्या पृष्ठभागावर आवरण धरतात, आणि मग अळूच्या पानावर थेंब घरंगळावा तसा मातीवर पाण्याचा थेंब घरंगळतो. याची परीक्षा घरबसल्या करतां येते. कोरड्या मातीचा पृष्ठभाग सपाट करून त्यावर पाण्याचा एक थेंब अलगद सोडावा. थेंब तत्काळ शोषला गेला तर माती निर्दोष. पांच सेकंदांहून अधिक वेळ तो मोत्यासारखा उभा राहिला, तर मातीनें पाण्याशीं वैर धरिलें आहे असें समजावें. मृत्तिकाशास्त्रज्ञहि हीच कसोटी वापरतात. हा दोष केवळ कुंड्यांपुरता नाहीं. पश्चिम ऑस्ट्रेलियांतील वालुकामय शेतजमिनींचे मोठमोठे पट्टे याच विकारानें ग्रासलेले आहेत, आणि तेथील शेतकऱ्यांना पेरणीच्या वेळीं याचाच विचार आधीं करावा लागतो.

शहरांतील कुंड्यांत हा त्रास वाढला, त्यालाहि इतिहास आहे. इंग्लंडांतील जॉन इनिस संस्थेंत विल्यम लॉरेन्स व जॉन न्यूवेल यांनीं १९३० नंतरच्या दशकांत कुंड्यांसाठीं जें प्रसिद्ध मिश्रण ठरविलें, त्यांत सात भाग पोयट्याची माती, तीन भाग पीट आणि दोन भाग वाळू असे. पीट म्हणजे दलदलींत शतकानुशतकें सांचलेलें अर्धवट कुजलेलें शेवाळ. या मिश्रणांत मातीचाच वांटा मोठा होता. पुढें १९५० नंतर अमेरिकेंत मातीविरहित हलकीं मिश्रणें प्रचारांत आलीं व जगभर पसरलीं. आपल्याकडे पीटची जागा नारळाच्या काथ्याच्या भुशानें घेतली. त्याला बाजारांत कोकोपीट म्हणतात. हें मिश्रण गच्चीवर भार टाकीत नाहीं आणि मुळांना हवा देतें. परंतु त्याला एकदां खडखडीत वाळूं दिलें कीं पुन्हां भिजविणें कठीण. पीटच्या मानानें कोकोपीट लवकर वठणीवर येतें, एवढाच दिलासा. मिरची, टोमॅटो, वांगीं यांचीं रोपें आतां पुष्कळ रोपवाटिकांत खांचांच्या तबकांत याच भुशांत वाढविलीं जातात. प्रत्येक खांचेंत मूठभरहि भुसा मावत नाहीं. कडेच्या खांचांना वारा अधिक लागतो, त्या आधीं वाळतात, आणि एकदां वाळल्या कीं झारीचें पाणी त्यांच्यावरून ओघळून जातें. वाफ्यावरच्या तुटक उगवणीचें हें नवें रूप होय.

आतां ओतलेलें पाणी कुंडींत नेमकें कोठें जातें तें पाहूं. माती वाळतांना आकसते आणि कुंडीच्या भिंतीपासून सुटते. गोळा व भिंत यांच्यामध्यें सुरीच्या पात्याएवढी फट पडते. कन्हारच्या भेगेसारखी ही फट. वरून ओतलेलें पाणी पृष्ठभागावर क्षणभर तुंबतें, कडेला सरकतें, फटींतून खालीं उतरतें आणि तळाच्या भोंकांतून बाहेर पडतें. म्हणजे पाणी कुंडींतून गेलें, मातींतून गेलें नाहीं. तळांतून पाणी येणें हा माती भिजल्याचा पुरावा मानला जातो. कोरड्या कुंडीच्या बाबतींत तो नेमका उलट गोष्टीचा पुरावा असूं शकतो. पाणी ओततांच दोन-चार क्षणांत तळांतून धार लागली, तर तें पाणी मुळांना भेटलें नाहीं हें निश्चित समजावें.

उपाय अवघड नाहींत, परंतु त्यांचा क्रम पाळला पाहिजे. प्रथम पृष्ठभागावर धरलेली पापडी लहान खुरप्यानें किंवा काडीनें अर्धा-पाऊण इंच हलक्या हातानें मोकळी करावी. खोल खुपसूं नये, कारण बारीक मुळें वरच असतात. कडेची फट बोटानें माती दाबून किंवा नवी ओलसर माती भरून बुजवावी. मग झारीला बारीक भोंकांचें तोंड लावून थोडें पाणी शिंपडावें, इतकेंच कीं पृष्ठभाग काळसर दिसूं लागावा, तुंबूं नये. येथें थांबावें. दहा-पंधरा मिनिटें दुसऱ्या कुंड्यांकडे पाहावें. परत येऊन दुसरा शिडकावा, पुन्हां विश्रांति, मग तिसरा. पहिलें पाणी मातीची तहान भागविण्यासाठीं नसतें, पुढच्या पाण्याची वाट बांधण्यासाठीं असतें. तिसऱ्या-चौथ्या वेळीं पूर्ण पाणी द्यावें. तें आतां सर्व बाजूंनीं सारखें खालीं उतरेल आणि तळांतून उशिरानें, थेंब थेंब येऊं लागेल. कुंडीला मुसळधार नको असते, झड हवी असते.

कुंडी अगदींच वाळली असेल आणि उचलण्याजोगी असेल, तर खालून भिजविण्याची रीति सर्वांत खात्रीची. घंगाळांत किंवा बादलींत पाणी घेऊन कुंडी तिच्या निम्म्या उंचीपर्यंत त्यांत ठेवावी. हलक्या मिश्रणाची कुंडी प्रथम तरंगूं पाहील. तिला हातानें आधार द्यावा. पाणी खालून वर चढतें, पोकळ्यांतील हवा बुडबुड्यांच्या रूपानें बाहेर पडते, आणि अर्ध्या-पाऊण तासांत पृष्ठभाग ओलसर दिसूं लागतो. बुडबुडे थांबले आणि वरची माती ओली झाली कीं कुंडी काढून निथळत ठेवावी. रात्रभर पाण्यांत ठेवूं नये. मुळांना पाण्याइतकीच हवेचीहि गरज असते. नेहमींच खालून पाणी देत राहिलें, तर क्षार वरच्या थरांत सांचतात व पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते. म्हणून मधून मधून वरून भरपूर पाणी देऊन ते धुऊन काढावे.

पाणी फार थंड नसावें. कोमट पाणी अधिक पातळपणानें वाहतें व बारीक पोकळ्यांत लवकर शिरतें. याच्या उलट टोकाचीहि काळजी घ्यावी. विदर्भाच्या उन्हाळ्यांत दुपारीं नळींत अडकून राहिलेलें पाणी हात पोळण्याइतकें तापतें. तें आधीं बादलींत सोडून द्यावें आणि निवाल्यावर वापरावें. थेंब घरंगळण्याचा दोष बळावला असेल, तर पाण्याचा ताण कमी करणारें कांहीं द्रव्य मिसळल्यास उपयोग होतो. रिठ्याच्या फेंसांत हाच गुण आहे. दोन-तीन रिठ्यांच्या साली रात्रभर भिजवून तें पाणी गाळून बादलीभर पाण्यांत मिसळावें आणि त्यानें माती एकदां भिजवावी. हें औषध आहे, रोजचें अन्न नव्हे. कपडे धुण्याच्या चुऱ्याचें पाणी वापरूं नये. त्यांतील क्षार मुळांना बाधतात.

नवी कुंडी भरतांनाच थोडी दक्षता घेतली, तर पुढचा बराच त्रास वांचतो. कोरडें मिश्रण कुंडींत भरून वर पाणी ओतण्याची चूक पुष्कळांकडून होते. मिश्रण आधीं फरशीवर पसरून, पाणी शिंपडीत, खालवर करीत, कणकेसारखें भिजवावें. मुठींत दाबलें असतां त्याचा लाडू वळावा आणि बोटानें टोंचतांच तो फुटावा, इतका ओलावा पुरे. मग ओल्या गोणपाटाखालीं रात्रभर ठेवावें म्हणजे ओलावा कणाकणांत सारखा वांटला जातो. कोकोपीटची दाबलेली वीट असेल तर ती पूर्ण फुगून मध्यभागीं कोरडा गड्डा राहिला नाहीं ना, हें हातानें चाचपून पाहावें. मातीची नवी कुंडी स्वतःच पाणी पिते. तीहि भरण्यापूर्वीं पाण्यांत बुडवून घ्यावी, नाहींतर आंतल्या मातीचा ओलावा ती ओढून घेते.

एवढें केल्यावर माती पुन्हां वाळूं न देणें हीच खरी शहाणपणाची गोष्ट. वाफ्यावर तणीस पसरतात तें याचसाठीं. शहरांत तणीस मिळालें नाहीं तरी वाळलेलीं पानें, नारळाच्या शेंड्या किंवा उसाचें चिपाड यांचा दोन बोटें जाडीचा थर पृष्ठभागावर पसरतां येतो. त्यानें ऊन थेट मातीवर पडत नाहीं, पापडी धरत नाहीं आणि झारीची धारहि मऊ होऊन उतरते. पाणी देण्याची वेळ आली कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं घड्याळाकडे न पाहतां कुंडीकडे पाहावें. पूर्ण भिजलेली कुंडी एकदां उचलून तिचें वजन हाताला ओळखीचें करून घ्यावें. पुढें हलकी लागली कीं तहान लागली असें समजावें. जड कुंडींत लांकडाची कोरडी काडी खोलवर खोंचून पांच मिनिटांनीं काढावी; ती जेथपर्यंत ओली निघेल तेथपर्यंतच पाणी पोंचलें आहे. पृष्ठभागाचा रंग मात्र फसवितो. वरची माती ओली व आंतली कोरडी, आणि वरची कोरडी व आंतली ओली, हे दोन्ही प्रकार आढळतात.

या साऱ्या खटाटोपांत पाणी अधिक लागेल, अशी शंका येणें साहजिक आहे. प्रत्यक्षांत तें कमीच लागतें. फटींतून वाहून गेलेलें पाणी गच्चीवरून नाल्यांत जातें. दहा कुंड्या असलेल्या घरांत उन्हाळ्याचे दोन महिने हें रोज चाललें, तर किती बादल्या पाणी कोणाच्याहि उपयोगीं न पडतां गेलें याचा हिशेब ज्यानें त्यानें करावा. ज्या शहरांत उन्हाळ्यांत नळाला एक दिवसाआड पाणी येतें, तेथें हा हिशेब लहान नाहीं.

तलावांच्या मुलखांतील शेतकरी पाण्याला अडवितो, थांबवितो आणि मग मातीच्या स्वाधीन करितो. त्याच्या शेताचा विस्तार मोठा आणि सज्ज्यांतील कुंडी हातभराची. परंतु मातीचा स्वभाव दोहोंकडे सारखाच आहे. तिला पाणी द्यावयाचें, तर पाण्याबरोबर थोडा वेळहि द्यावा लागतो. सकाळच्या झारीला पंधरा मिनिटांचा हा विसांवा मिळाला, तर पुष्कळ घरांतील तुळशी पुढचा उन्हाळा सुखानें पाहतील.